तीन बेल

डेपोच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता होता. तो तिथे कधी लावला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वर एक भलंमोठं अक्षर, त्याखाली दोन, मग तीन, असं करत सगळ्यात खालच्या ओळीत मुंग्यांएवढी अक्षरं. चाळिशी उलटलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची वर्षातून एकदा तपासणी व्हायची. डोळ्यांची तपासणी म्हणजे एवढंच, की जमिनीवर मारलेल्या पिवळ्या रेघेवर उभं राहून एकेक डोळा झाकायचा आणि खालून दुसरी ओळ वाचून दाखवायची. वाचली की वर्षभर स्टिअरिंग तुमचं. अडखळलात तर गाड्या धुवायचा पाइप हातात, नाहीतर चौकशीची खिडकी.

आता ज्या ओळीवर घर चालतं ती ओळ माणसं पाठ करणार नाहीत तर काय करतील? तक्ता तोच, ओळ तीच. र, ग, ल, प, च, न. डेपोतल्या कुण्या सुपीक डोक्याने त्यावरून एक वाक्य रचलं होतं: रोज गाडी लवकर, पगार चुकत नाही. यातलं पहिलं कधी घडत नसे आणि दुसऱ्याचा भरवसा नसे, त्यामुळे वाक्य चटकन तोंडात बसायचं. चाळिसावं लागलं की एखादा जुना ड्रायव्हर तुम्हाला डिझेलच्या पंपामागे नेऊन ते कानात सांगायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे माहीत नसेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. पण तेही निवृत्तीला आले होते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं.

ज्याची ही गोष्ट आहे त्याला सगळा डेपो उस्ताद म्हणायचा. चोवीस वर्षं गाडी चालवली, पण माणूस सोडाच, कोंबडीसुद्धा कधी चाकाखाली आली नव्हती. हा मुळातच आधी तयारी करून ठेवणारा माणूस. पाहुण्यांनी नुसतं येतो म्हणावं आणि याने जिना झाडायला घ्यावा, असला स्वभाव. म्हातारपणाच्या अलीकडचं हे जे अधलंमधलं वय असतं ते बेसावध माणसाला गाठतं, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून अडतिसाव्या वर्षीच त्याने चहातली साखर सोडली. ड्रायव्हरची आधी कंबर जाते, म्हणून रोज सकाळी जमिनीवर पालथा पडून अर्धा तास व्यायाम करू लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी रक्तदाब मोजून यायचा. तक्त्याची दुसरी ओळ तर त्याने पाठ केलीच, वर खबरदारी म्हणून सगळ्यात खालचीही केली. संध्याकाळी बायको भाजी निवडत बसायची आणि हा एका डोळ्यावर वाटी धरून तिच्यापुढे ओळ म्हणायचा. ती एका पाळणाघरात काम करायची. दिवसभर पस्तीस पोरांकडून बडबडगीतं म्हणवून घ्यायची आणि घरी आल्यावर हा पन्नाशीला टेकलेला विद्यार्थी. एवढी तयारी बघून म्हातारपण आल्या पावली परत जाईल, असं ती म्हणायची.

चोवीसपैकी शेवटची सतरा वर्षं उस्तादच्या गाडीवर एकच कंडक्टर होता. कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तसं यालाही म्हणत; पण डेपोत नुसतं ‘मास्तर कुठाय’ विचारलं तर माणसं याच्याकडेच बोट दाखवत. उस्तादपेक्षा दोन वर्षांनी मोठा, हाडाने बारीक, तोंडाचा फाटका. ड्युटी लावणाऱ्या साहेबांनी मध्ये दोनदा त्यांची जोडी फोडून पाहिली होती. दोन्ही वेळेला मास्तरने साहेबांचं डोकं इतकं खाल्लं, की आठवड्याच्या आत जोडी परत लागली.

दोघांचं बोलणं बहुतेक दोरीतून चालायचं. गाडीच्या छताला लांबलचक दोरी होती आणि तिच्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, पितळी बेल. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे सुटायचं. एवढं जगाला माहीत असतं. या दोघांनी त्यात स्वतःची एक तिसरी घातली होती. त्यांची फेरी भाजी मंडईतून जायची, तिथे डाव्या अंगाने हातगाड्या आणि माणसं गाडीला खेटून चालत. म्हणून तीन बेल म्हणजे: डावीकडे कुणीतरी आहे, जागचा हलू नकोस. सुरुवातीची पंधरा वर्षं ती महिन्यातून फार तर दोनदा वाजायची.

मागल्या दोन वर्षांत ती वाढली. आधी आठवड्यातून, मग दिवसाआड, मग रोज. मंडईत वाजायचीच, पण शाळेच्या वळणावर, पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वाजायला लागली. उस्ताद थांबायचा, आरशात बघायचा, तिथे कुणी नसायचं. मग मागून डबल बेल आली की निघायचा. डेपोत चहा पिताना तो मास्तरला टोमणे मारायचा की तुझं वय झालं, आता तू सावलीलाही बेल द्यायला लागलास. मास्तर कपातला चहा फुंकत म्हणायचा, दोरी माझी, हात माझा, तुझं काय जातंय. आणि हसायचा.

त्या वर्षीची तपासणी आली तेव्हा उस्तादला एकोणपन्नासावं चालू होतं. पिवळ्या रेघेवर उभा राहिला, डावा डोळा झाकला, वाचलं. उजवा झाकला, वाचलं. पाठ केलेलं वाक्य तोंडात आणायची वेळच आली नाही. अक्षरं समोर लख्ख दिसत होती. दुसरी ओळ झाली, सगळ्यात खालची झाली, आणि भरात येऊन त्याने तक्त्याच्या अगदी तळाशी छापलेलं छापखान्याचं नावही वाचून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्याऐवजी मीच त्या रेघेवर उभं राहायला हवं. कागदावर शिक्का बसला: वर्षभर गाडी चालवण्यास पात्र. नऊ वर्षं फुकट घोकंपट्टी केली याची उस्तादला जराशी लाज वाटली, पण आनंदच जास्त झाला. तयारी वाया गेली याचा आनंद फार थोड्यांच्या वाट्याला येतो, असं त्या दिवशी त्याला वाटलं.

घरी मात्र त्या महिन्यात तिसरा ग्लास फुटला. जेवताना डाव्या हाताला ठेवलेला ग्लास त्याच्या कोपराने गेला. बायको काचा वेचताना पुटपुटली, की समोर ठेवलेली वस्तू दिसू नये म्हणजे कमाल आहे. ग्लास काठावर कोण ठेवतं, असं तो उलट म्हणाला. आदल्या आठवड्यात डेपोच्या फाटकाला डावा आरसा लागता लागता वाचला होता. तेव्हा त्याने फाटक अरुंद केल्याबद्दल बांधकाम खात्याला नावं ठेवली होती. ज्याची नजर साफ आहे असा ताजा शिक्का खिशात आहे, तो माणूस फाटकालाच दोष देणार.

मग मास्तरच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि तो दहा दिवसांच्या रजेवर गावी गेला. बदलीवर एक नवी कंडक्टर आली. पोरगी चटपटीत, कामात चोख, पण तिला दोनच बेल ठाऊक होत्या. पहिले दोन दिवस उस्तादला गाडी कशी मोकळी मोकळी वाटली. कुणी अडवत नाही, कुणी थांबवत नाही, फेऱ्या वेळेवर. मास्तर आला की त्याला हे ऐकवायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या टाकीच्या स्टॉपवर माणसं उतरली, डबल बेल झाली. उस्तादने नेहमीप्रमाणे उजवा आरसा बघितला, डावा बघितला, डावीकडे मान वळवून रस्ता बघितला. मोकळा होता. क्लच सोडला. गाडी हातभर पुढे गेली आणि पुढच्या डाव्या चाकाखाली काहीतरी कडाडलं. लाकूड मोडतं तसा आवाज. मग माणसं ओरडली.

चाकाखाली काठी आली होती. काठीचा म्हातारा चाकापासून वीतभर अंतरावर उभा होता, गाडीच्या पत्र्याला एक हात टेकून. त्याला काहीही लागलं नव्हतं. उस्ताद खाली उतरला. गर्दीतल्या दोघांनी त्याची गचांडी धरायची तयारी केली, पण म्हाताऱ्यानेच त्यांना हाताने बाजूला केलं. तो चिडला नव्हता. त्याला नुसतं नवल वाटत होतं.

“अहो, मी हात केला होता तुम्हाला,” तो म्हणाला. “तुम्ही बघितलंत माझ्याकडे. चांगलं मान वळवून बघितलंत. म्हणून तर मी पुढे आलो.”

उस्तादने मोकळा रस्ता बघितला होता. रस्ता, फुटपाथ, टाकीची भिंत, सगळं बघितलं होतं, आणि त्यात हा माणूस नव्हता. त्याने काठीचे दोन तुकडे गोळा केले, म्हाताऱ्याला रिक्षात बसवून दिलं, गाडी कशीबशी डेपोत आणली आणि पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डेपोतलं कुणी तिकडे फिरकत नसे. खिशात पात्र असल्याचा कागद असताना आपण होऊन डॉक्टरकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे त्याला कळत होतं. बायकोलाही त्याने सांगितलं नाही. पण रात्रभर तो मोकळा रस्ता डोळ्यांपुढून हलला नव्हता.

तिथेही आधी तक्ताच वाचायला दिला. तो त्याने शेवटपर्यंत वाचला आणि त्याला हायसं वाटलं. पण मग डोळ्यांत थेंब टाकून, दिवा मारून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत बघितलं, आणि त्याला एका अंधाऱ्या खोलीत पाठवलं. तिथे एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला. थोडं थांबून थांबून का होईना, पण बटण दाबलं जात होतं. मग डावा. सुरुवातीला दोन-चार उजेड दिसले, त्याने दाबले. नंतर काहीच येईना. तो अंगठा बटणावर ठेवून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने यंत्र चालवणाऱ्या मुलीला सांगितलं की ताई, मशीन बंद पडलं वाटतं.

“चालू आहे, काका,” ती म्हणाली. “तुम्ही मधल्या ठिपक्याकडे बघत राहा.”

इतक्या हळू आवाजात दवाखान्यात कुणी उगाच बोलत नाही. उस्ताद यंत्राच्या पांढऱ्या पोकळीत बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिने यंत्र थांबवलं, कापूस दिला, आणि पुन्हा सुरू केलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन गोल दाखवले. उजवा बराचसा पांढरा, डाव्या कडेने करडा पडलेला. डावा गोल काळा, मध्ये बोटाच्या पेराएवढी पांढरी जागा. त्यांनी काचबिंदू हा शब्द सांगितला आणि मग साध्या भाषेत समजावलं. मधलं शाबूत राहतं, म्हणून तक्ता वाचता येतो. आधी कडेचं जातं. दुखत नाही, खुपत नाही, अंधारही दिसत नाही. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं बघून स्वतःच काहीतरी भरून टाकतो. रस्ता असेल तर रस्ता भरतो. जे गेलं ते आता परत यायचं नाही. जे उरलंय ते सकाळ-संध्याकाळ थेंब घालून राखता येईल. आणि गाडी आता चालवायची नाही.

“दोन वर्षांपूर्वी आला असतात तर यातलं पुष्कळ वाचलं असतं,” त्या म्हणाल्या. “इतक्या दिवसांत कुठे धडकलात, कुणाला धक्का लागला, असं काहीच झालं नाही?”

“नाही,” उस्ताद म्हणाला. “चोवीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही.”

हे वाक्य तो आयुष्यभर छाती काढून सांगत आला होता. त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते मात्र कळलं नाही.

घरात कुणाला हा त्रास होता का, हे त्यांनी विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग जिना उतरताना त्याला त्याचे वडील आठवले. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पन्नाशीनंतर चालता चालता दाराच्या चौकटीला खांदा आपटून घ्यायचे, भरलेलं ताट लवंडायचे. घरात आधी सगळे हसले, मग वैतागले. बाविशीतल्या उस्तादने एकदा चारचौघांत त्यांना विचारलं होतं, समोर बघून चालता येत नाही का म्हणून. त्यानंतर वडील हळूहळू बाहेर जायचे बंद झाले. भिंतीला लागून एक खुर्ची होती, तिथे बसून राहायचे; तिथे बसलं की काही सांडायचं नाही. असेच आठ-नऊ वर्षं बसले आणि गेले. त्यांचा डोळा कुणी तपासला नाही, तपासायला हवा हे कुणाच्या मनातही आलं नाही. उस्ताद दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला आणि मोठ्याने रडला. येणारे-जाणारे बघत होते, त्यांना त्याने बघू दिलं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही. उठली, आणि घरातले सगळे ग्लास गोळा करून स्टीलचे पेले काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती पाळणाघरातून अर्धी सुट्टी घेऊन त्यांच्या मुलीला डॉक्टरकडे दाखवून आली, कारण हे रक्तातून येतं असं बाईंनी बजावलं होतं. मुलीचे डोळे चांगले निघाले. त्या घरात त्या आठवड्यात तेवढीच एक बरी बातमी होती.

मास्तर रजेवरून परतला त्या दिवशी उस्ताद डेपोत गेला. त्यांची गाडी ग्रीस भरायला मागच्या आवारात उभी होती. दोघं आत चढले. उस्ताद सवयीने केबिनकडे गेला, मग थांबला आणि उतारूंच्या पहिल्या बाकावर बसला. चोवीस वर्षांत त्या बाकावर तो पहिल्यांदा बसत होता. मास्तरने आईची खुशाली सांगितली. मग उस्तादने म्हाताऱ्याची काठी सांगितली, यंत्र सांगितलं, काळा गोल सांगितला. गाडी चालवायची नाही म्हणाल्यात, असंही सांगितलं.

“कागदावर पात्र आहेस ना?” मास्तर म्हणाला. “मग झालं तर. मी आहे ना मागे. निवृत्तीला नऊ वर्षं राहिली, काढू की आपण.”

तो दचकला नाही. अरे बापरे म्हणाला नाही. डोळ्यांना काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. उस्ताद त्याच्याकडे बघत राहिला, आणि दवाखान्यात काय चुकल्यासारखं वाटलं होतं ते त्याला आता कळलं. गाडीला ओरखडा नव्हता तो मास्तरच्या दोरीमुळे.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

मास्तरने तिकिटांची बॅग मांडीवर घेतली, तिचा पट्टा सोडला, पुन्हा लावला. “दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “शाळेच्या वळणावर. एक बाई पळत येत होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि गाडी सोडलीस. मी तीन बेल दिल्या, तू थांबलास. मला वाटलं, विचारात असशील. मग परत झालं. मग मी डोळ्यांत तेल घालून डावी बाजू बघायला लागलो. तिकिटं नंतर, आधी डावी बाजू.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून काय झालं असतं? तुझी गाडी गेली असती. मला वाटलं, वय आहे, नजर थोडी कमी होणारच, माझीही झालीय. होईल तेवढं झाकावं. तू माझ्यासाठी एवढंही केलं नसतंस का?”

उस्तादला त्याची गचांडी धरावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही.

“दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर डोळा वाचला असता,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाल्या. पुष्कळ वाचलं असतं म्हणाल्या.”

मास्तरचं तोंड उघडं राहिलं. त्याला हे खरोखरच माहीत नव्हतं. झाकलेलं जिथल्या तिथे राहतं, अशी त्याची समजूत होती. झाकणाखाली ते वाढत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. उस्ताद उठला, खाली उतरला आणि सरळ ड्युटीवाल्या साहेबांच्या खोलीत गेला.

साहेबांना आधी काही समजेना. आजवर लोक पात्र नसताना पात्र म्हणवून घ्यायला येत. शिक्क्याचा कागद घेऊन मी पात्र नाही असं सांगायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, पुन्हा विचार करा म्हणाले. उस्तादने दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला, गाडीची किल्ली ठेवली आणि चहा न पिता बाहेर आला. आपण किती सहज किल्ली ठेवली याचं त्याला फाटकापर्यंत नवल वाटत होतं. फाटकाशी आल्यावर मात्र त्याचे हात, धरायला काही नसल्यासारखे, उगाच हलू लागले.

त्याला चौकशीची खिडकी मिळाली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, शेवटची फेरी किती वाजता, हे दिवसभर सांगायचं. समोरचं त्याला चांगलं दिसे, त्यामुळे कामात अडचण नव्हती. मास्तरच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला. गाडी रोज चार वेळा खिडकीसमोरून जायची आणि मास्तर त्या वेळी हटकून तिकिटांत डोकं घालून असायचा. चौकशीच्या खिडकीशी तो फिरकला नाही. उस्तादनेही त्याला हाक मारली नाही.

उस्तादला राग होता आणि तो त्याला लपवताही येत नव्हता. बायको म्हणाली की त्या बिचाऱ्याने भलंच चिंतलं होतं. “भलं चिंतूनच माझी डावी बाजू गेली,” तो म्हणाला. पण नंतर अंथरुणावर पडल्यावर त्याला वडिलांची खुर्ची दिसायची. वडिलांना घरच्यांनी बोल लावला आणि आपल्याला मास्तरने झाकलं. एकाने माया केली, दुसऱ्यांनी केली नाही, आणि बापलेक दोघांच्याही डोळ्यांचं व्हायचं ते झालंच. मग राग नक्की कुणावर करायचा, हे त्याला उमजेना. त्याने स्वतः तरी काय केलं होतं? कंबर सांभाळली, साखर सोडली, नऊ वर्षं एका तक्त्याची अक्षरं घोकली. सगळी तयारी समोरून येणाऱ्या गोष्टींची होती.

असे दोन महिने गेले. एके दिवशी संध्याकाळी सहाला खिडकी बंद करून उस्ताद बाहेर पडला, तर फाटकाशी मास्तर उभा होता. अंगावर ड्युटीचाच शर्ट, खांद्याला बॅग नाही. आधीच बारीक असलेला माणूस आणखी वाळला होता. उस्ताद थांबला नाही, पण त्याने पाऊल हळू केलं. मास्तर त्याच्या डाव्या अंगाला येऊन चालू लागला.

मोठ्या चौकात रस्ता ओलांडायचा होता. गाड्या सुटण्याची वेळ, दुकानांची गर्दी, सायकली कशाही घुसत होत्या. उस्ताद कडेला उभा राहिला आणि मान पार खांद्यापर्यंत वळवून डावीकडे बघू लागला, जसं त्याला दवाखान्यात शिकवलं होतं. एवढ्यात मास्तरने त्याचा दंड पकडला आणि न बोलता त्याला मागे ओढलं. डाव्या बाजूने, त्याच्या बुटाला चाटून, एक सायकल निघून गेली. ती त्याला आली तेव्हाही दिसली नव्हती.

मास्तरने दंड सोडला नाही. तसाच धरून तो त्याला रस्त्याच्या पलीकडे न्यायला निघाला. उस्ताद जागचा हलला नाही.

“हात सोड,” तो म्हणाला. “मला ओढू नकोस. काय आहे ते तोंडाने सांग.”

मास्तरने हात सोडला. “डावीकडून हातगाडी येतेय,” तो म्हणाला. “जाऊ दे तिला.” हातगाडी गेली. “मागे एक बाई आहे, कडेवर मूल आहे. ती थांबलीय. आता मोकळं आहे. चल.”

ते पलीकडे पोचले. “पुढे पायरी आहे,” मास्तर म्हणाला. “खांब आहे, दोन पावलांवर. फळवाल्याने टोपली पुढे मांडलीय.” नाक पुसायलाही तो थांबत नव्हता. डावीकडचं संपलं तसं तो समोरचंही सांगू लागला, उजवीकडचंही, जे उस्तादला चांगलं दिसत होतं: लाल दिवा, कुत्रं, गणवेशातल्या दोन मुली. उस्तादने त्याला थांबवलं नाही.